टोकियोत आम्ही दोघंच असू. साधा मंगळवार कसा जातो?

जाईजुई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ.

मी जुळे सोलापुरात राहते, फार्मसी कॉलेजात शिकवते. लग्नाला पाच वर्षं झाली. घरात सासू-सासरे, दीर, आणि आठवड्यातून दोनदा तरी नणंद पोरांना घेऊन येतेच. नवऱ्याला कंपनी तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवतेय. व्हिसा, भाडं, विमान ही माहिती शोधली की मिळते. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो घरात कुणाला विचारता येत नाही.

आम्ही दोघं आजवर कधी दोघंच राहिलेलो नाही. आमचं वाजलं की मी सासूबाईंसोबत शेंगा निवडायला बसते, तो भावाला घेऊन पार्क चौकात चक्कर मारून येतो. रात्रीच्या जेवणापर्यंत निवळलेलं असतं. तिथे काय करायचं? तो सकाळी जाणार, रात्री येणार. मधले बारा तास माझे. नोकरी सोडून जायचं की मागे राहायचं, हेही ठरत नाहीये.

टोकियो किंवा आशियातल्या कुठल्याही मोठ्या शहरात जे जोडीनं राहिलेत, त्यांनी कृपया खरं खरं सांगा. फुजी पर्वत आणि साकुराचे फोटो खूप बघितले. मला साधा मंगळवार सांगा.

कंबरतलाव

सहा वर्षं निशी-कासाईत आहोत, एदोगावा वॉर्डात. तुमचंही घर बहुधा इथेच होईल. तोझाई ही मेट्रो लाइन ऑफिसच्या भागात थेट जाते, म्हणून 2000 च्या आसपास आलेले भारतीय इंजिनियर इथे राहिले, मग दुकानं आली, शाळा आल्या. 2019 मध्ये याच वॉर्डातून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले.

घर बघताना एक लक्षात ठेवा. बऱ्याच खाजगी घरांना अनामत रकमेशिवाय 'रेइकिन' द्यावं लागतं, म्हणजे मालकाला आभाराचे पैसे, ते परत मिळत नाहीत. वर हमीदार लागतो. यूआर नावाच्या संस्थेच्या घरांना रेइकिनही नाही आणि हमीदारही नाही. राहायला गेल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा.

मंगळवारचं बायकोला लिहायला सांगतो. माझा मंगळवार ऑफिसात जातो, त्याबद्दल मी बोलणं बरोबर नाही.

शेंगाचटणी

जाईजुई, तुझा प्रश्न वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. चार वर्षं तिथे राहून दोन वर्षांपूर्वी सोलापूरला परत आलो. पहिल्या वर्षीचा मंगळवार मला अजून तोंडपाठ आहे.

साडेसहाला डबा. सव्वासातला हे बाहेर. आठच्या आत कचरा खाली नेऊन ठेवायचा. आमच्या इमारतीत मंगळवार आणि शुक्रवार जळणाऱ्या कचऱ्याचे. कावळे पिशव्या फाडतात म्हणून वरून निळी जाळी नीट ओढायची. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या दिवशी बाटल्या ठेवल्या. पिशवी तिथेच राहिली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली. कुणी एक शब्द बोललं नाही. आपल्याकडे शेजारीण दारात येऊन ओरडली असती आणि मग चहा पिऊन गेली असती. त्या दिवशी मी चिठ्ठी हातात घेऊन जिन्यात उभी राहून रडले.

नऊ ते अकरा घरकाम. अकराला सुपरमार्केट. आम्ही लिंगायत, घरात अंडंही नाही. तिकडे ज्या वस्तूत मासा असेल असं स्वप्नातही येणार नाही तिच्यात माशाचा अर्क असतो. सूपमध्ये, सॉसमध्ये, वेफर्समध्येसुद्धा. मांसाचं चित्राक्षर मी पहिलं शिकले, घराच्या चौकटीत दोन माणसं एकाखाली एक उभी असल्यासारखं दिसतं. एकेक पाकीट उलटून वाचायला दोन तास लागायचे. पुढे पुढे ते दोन तास मला आवडायला लागले, कारण तेवढ्या वेळात डोकं कामात असायचं.

दुपारी एक ते पाच हा खरा कठीण पट्टा. इथे साडेनऊ वाजले की तिकडे एक. म्हणजे माझी दुपार सुरू होते तेव्हा आई घाईत, बहीण ऑफिसला निघालेली. फोन करायला कुणी मोकळं नाही. इथली माणसं मोकळी होतात तेव्हा आपली झोपायची वेळ.

हे दहाला परत यायचे. दिवसभरात मी मराठीत एक वाक्य बोललेलं नसायचं, त्यामुळे ते दार उघडून आत आले की मी सगळं एकदम बोलायला लागायचे. आणि त्यांनी दिवसभर परक्या भाषेत डोकं शिणवलेलं, त्यांना शांतता हवी. भांडणं यावरून व्हायची. तू म्हणतेस तशी निवळायला जागा नव्हती, चौतीस चौरस मीटरचं घर. सहा महिन्यांनी आम्ही एक ठरवलं. घरी यायच्या आधी त्यांनी स्टेशनवरून फोन करायचा, मी खाली उतरायचं आणि आम्ही अर्धा तास आराकावा नदीच्या बांधावर चालायचं. घरात शिरण्याआधीच माझं बोलून व्हायचं. थंडीतसुद्धा आम्ही हे सोडलं नाही.

जाईजुई

ताई, तो निवळायचा अर्धा तास मी वहीत लिहून ठेवला. बाकीचंही लिहा ना, दुसऱ्या वर्षीचा मंगळवार.

कडकभाकरी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. आपलं सोलापूर उभं राहिलं ते परगावाहून आलेल्यांच्या जिवावर. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून माणसं आली, गिरण्यांत राबली, पत्र्याच्या खोलीत दहा-दहा जणांनी संसार केले. त्यांना कुणी विचारलं नाही की दिवस कसा जातो. आज कंपनी तिकीट काढून देते, घर देते, फोनवर आई दिसते. तीन वर्षं म्हणजे काय मोठं? जावं, बघावं, यावं. आधीच इतका विचार केला तर पाय निघत नाही.

पूर्वभाग

कडकभाकरी, माझे आजोबा त्याच विणकरांपैकी. म्हणून बोलतो. ते दोघंच नव्हते आले. गल्लीच्या गल्ली आली. शेजारी तेलुगू, मागावर तेलुगू, लग्नं तेलुगूत, मार्कंडेय मंदिर आपलं. आजी शेवटपर्यंत मराठी तोडकंमोडकंच बोलायची आणि तरी तिचं अडलं नाही, कारण दार उघडलं की बोलायला माणूस होतं. कष्ट तिचे जास्त होते हे मान्य. पण एकटेपण या ताईंचं जास्त असणार. दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

ताई, एक चांगली गोष्ट सांगतो. जपानी भाषेची धास्ती घेऊ नका. लिपी अवघड आहे, पण वाक्य आपल्यासारखं चालतं. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास', मी भात खाते. क्रियापद शेवटी, आणि विभक्तीसारखा प्रत्यय नामाच्या मागे. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही तशाच. मी पुण्यात जपानीची पहिली परीक्षा दिली तेव्हा वर्गात मला वाक्यरचना सगळ्यात आधी जमली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, चौकात कन्नड अशा गावातून आपण जातो. चौथी भाषा आली तर कान घाबरत नाही.

कडकभाकरी

बरोबर बोललात. गल्लीच्या गल्ली आली, हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं. शब्द मागे घेतो.

हुरडा

आम्ही दोघं बँकॉकला आहोत, पाचवं वर्षं. इथला मंगळवार टोकियोपेक्षा अगदी उलटा. ऊन सोलापूरचंच, फक्त घाम वाळत नाही. शेजारी बोलतात, हसतात, फळं कापून देतात. नवरा सातपर्यंत घरी असतो. सिलोम रस्त्यावर मारिअम्मनचं देऊळ आहे, पाहुरातच्या बाजारात आपल्याकडचं जवळपास सगळं मिळतं.

पण मला इथे काम करता येत नाही. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर वर्क परमिटशिवाय नोकरी नाही. आणि दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचं की आम्ही अजून याच पत्त्यावर आहोत. तो कागद भरताना प्रत्येक वेळी मनात येतं की मी इथे कुणाची तरी सोबत म्हणून आहे. सोलापुरात मी बँकेत होते, काउंटरवर लोक मला नावानं ओळखायचे. ते नाव मला अजून आठवतं, इथल्या कुणाला माहीत नाही.

जाईजुई, शहर कसं आहे त्यापेक्षा तुझ्या हाताला काय काम असेल ते आधी बघ.

कंबरतलाव

जपानमध्ये त्या बाबतीत बरं आहे. डिपेंडंट व्हिसावर वेगळी परवानगी काढली की आठवड्याला 28 तास काम करता येतं. अर्ज इमिग्रेशनमध्ये करायचा. पूर्ण वेळ नोकरी मिळाली आणि कंपनीनं कागद दिले तर स्वतःचा कामाचा व्हिसा करून घेता येतो. भाषा लागते, हे मात्र खरं. फार्मसीत तर ती लागणारच, पण वॉर्डातल्या भारतीय शाळांत विज्ञानाचे शिक्षक लागतात.

आजारपणाचं सांगायचं राहिलं. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायको येते, डॉक्टरकडे बिलाच्या 30 टक्केच आपण भरतो. भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षेचा करार 2016 पासून लागू आहे. तुमच्यासारख्या कंपनीनं पाठवलेल्यांनी भारतातून निघताना पीएफचं प्रमाणपत्र काढून घेतलं तर इथे पेन्शनचे पैसे कापले जात नाहीत. हे काम नवऱ्यानं आत्ताच करावं.

सातरस्ता

मी मागे राहिलेली आहे. त्या बाजूचंही कुणी लिहायला हवं म्हणून लिहिते.

नवरा तीन वर्षं टोकियोत होता, मी सात रस्त्याजवळ सासरी, शाळेत शिकवत होते. निर्णय दोघांनी मिळून घेतलेला, कुणाची जबरदस्ती नव्हती. माझी कायम नोकरी, ती परत मिळाली नसती. पहिलं वर्षं चांगलं गेलं. रोज रात्री नऊला फोन. पण आपले नऊ म्हणजे त्याचे साडेबारा. तो जागा राहायचा माझ्यासाठी. मला वाटायचं, किती जीव आहे. आठ महिन्यांनी त्याच्या आवाजात झोप ऐकू यायला लागली आणि मी म्हणाले, एक दिवसाआड कर. मग आठवड्यातून दोनदा झालं. भांडण एकही झालं नाही. भांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा आमच्याकडे नव्हताच.

तो परत आला तेव्हा स्टेशनवर मी गजरा घालून गेले होते. घरी आल्यावर पहिले काही महिने आम्ही एकमेकांशी पाहुण्यासारखे वागलो. त्याला चहात साखर लागत नव्हती आणि मला ते माहीत नव्हतं. आता सगळं छान आहे. नोकरीचा मला पश्चात्ताप नाही, पेन्शनही मिळेल. पण त्या बिनसाखरेच्या चहाचं वाईट अजून वाटतं.

जा असं मी म्हणत नाही, राहा असंही म्हणत नाही. दोन्हीकडे काहीतरी जातं, काय जातं ते आधी बोलून घ्या.

शेंगाचटणी

सातरस्ता, तुमचं वाचून डोळे भरले. भेटू या का कधी? मी नवी पेठेतच असते.

नंदीध्वज

निवृत्त शिक्षक आहे, विषयाला सोडून लिहितोय असं वाटलं तर क्षमा करा. परमुलुखात जोडीनं संसार म्हटलं की मला भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आठवतं. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला. चिनी बोलायला शिकला, वाचायला शिकला, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला. तिथेच परिचारिका असलेल्या को चिंगलान यांच्याशी 1941 च्या अखेरीस लग्न केलं. मुलाचं नाव इनह्वा. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. आणि 1942 च्या डिसेंबरात, मुलगा चार महिन्यांचाही झाला नसताना, कोटणीस गेले. वय अवघं 32.

शाळेत मी दरवर्षी हा धडा सांगायचो तेव्हा मुलं विचारायची, सर, ते दोघं घरी कुठल्या भाषेत बोलायचे? मी सांगायचो, चिनीत. ती भाषा आत्मसात केली म्हणून त्यांचा संसार झाला. जाईजुई, बाळ, जाणार असशील तर भाषेचा वर्ग पहिल्या महिन्यात लाव.

पूर्वभाग

सर, वाचून अंगावर काटा आला. त्या घरातलं स्मारक मी शाळेच्या सहलीत पाहिलंय. आता मुलीला दाखवायला नेतो.

शेंगाचटणी

सरांनी मनातलं सांगितलं. दुसऱ्या वर्षीचा मंगळवार बदलला तो भाषेमुळेच. वॉर्डात स्वयंसेवक जपानी शिकवतात, फी नावापुरती. माझा वर्ग मंगळवारी दहाला असायचा. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांनी मला शिवणाच्या मंडळात नेलं. दुपारचा तो कठीण पट्टा असा भरत गेला.

आणि टॉवेलची गोष्ट. तिकडे नव्या घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांना लहानशी भेट देऊन ओळख करून घ्यायची पद्धत आहे, आणि भेट म्हणून पूर्वापार टॉवेल देतात! मला हे दीड वर्षानं कळलं. घर बदललं तेव्हा मी सोलापूरहून टेरी टॉवेल मागवले, कागदात बांधले आणि वर, खाली, दोन्ही बाजूंना देऊन आले. माझ्या गावाला हे विणतात, असं जपानीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. खालच्या आजोबांनी टॉवेल हातात घेऊन वीण बघितली, उलटा करून बघितला. तेही पूर्वी कापडाच्या कारखान्यात होते. त्यानंतर ते मला कचऱ्याच्या वारांची आठवण करून द्यायचे. जाईजुई, निघताना दहा टॉवेल बॅगेत टाकच.

बाळीवेस

मुलगा-सून टोकियोला आहेत, मागच्या वर्षी आम्ही दोघं त्यांच्याकडे 80 दिवस राहून आलो. आईबापाची बाजू लिहितो.

पहिल्या रात्री आमच्या मंडळींनी घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हात थांबत नाहीत. सून म्हणाली, आई, इथे पाणी जात नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले आणि घर हललं. काही पडलं-झडलं नाही. पण सकाळी सुनेनं स्वतः टबात पाणी भरून ठेवलं. तिथे भूकंपासाठी माणशी रोज तीन लिटर असं तीन दिवसांचं पाणी साठवा म्हणून सांगतातच. तेव्हापासून दोघी मिळून पाणी भरायच्या. आमच्या घरात सासू-सुनेचं इतकं कधी जमलं नव्हतं.

मी रोज चालायला जायचो. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर, कुणी धक्का मारत नाही. तरी जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी मुलानं मोबाईलवर थेट प्रक्षेपण लावलं, तिकडे संध्याकाळ झालेली. आम्ही चौघं उभे राहिलो आणि फोनवर दिसणाऱ्या, मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्यांवर अक्षता टाकल्या. 'एकदा भक्तलिंग हर बोला हर' म्हणताना मुलानं आवाज दाबला, भिंती पातळ आहेत म्हणून. तो दाबलेला आवाज मला लागला. त्याला मी काही बोललो नाही.

जाईजुई, सासू-सासऱ्यांना विचार. तुला वाटतं तेवढं त्यांना विचारणं अवघड नाही. आम्हाला मुलांनी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

जाईजुई

सगळ्यांना उत्तर एकत्र देते.

बाळीवेस काका, तुमचं वाचून परवा सासूबाईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मला चाळीस वर्षांत एकदाही नुसत्या नवऱ्यासोबत राहायला मिळालं नाही, तू जा. आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना घेऊन नणंदेकडे आठ दिवस राहायला गेल्या. दीरालाही नेलं. आम्हाला मुद्दाम एकटं सोडलं, हे मला त्या निघाल्यावर कळलं.

आज सहावा दिवस. तिसऱ्या दिवशी आम्ही भांडलो, गाडीच्या चावीवरून. शेंगा निवडायला कुणी नव्हतं. मी एकटीच सुपात शेंगा घेऊन बसले. तासाभरानं तो समोर येऊन बसला आणि निवडायला लागला, त्याला धड येतही नाही. मग आम्ही कंबर तलावापर्यंत चालत गेलो.

सातरस्ता ताई, तुमच्या चहावरून आम्ही रात्री खूप वेळ बोललो. मी एक वर्षाची बिनपगारी रजा मागितली आहे. मिळाली तर जाईन आणि वर्षानं पुढचं ठरवू. नाही मिळाली तर राजीनामा द्यायचा का, हे अजून ठरलेलं नाही. तो म्हणतो, देऊ नकोस. मी अजून काही म्हणालेले नाही. जपानीचा ऑनलाइन वर्ग मात्र सुरू केला. पूर्वभाग, क्रियापद खरंच शेवटी येतं!

आता एक साधी शंका. भाकरीचं काय करता? घरात दोघांनाही रोज लागते.

कंबरतलाव

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात कधी असतं, कधी नसतं. खरी अडचण शेगडीची आहे. 2008 नंतरच्या घरगुती गॅस शेगड्यांना प्रत्येक बर्नरवर तापमानाचा सेन्सर सक्तीचा केलाय. तवा भाकरीइतका तापला की आच आपोआप बारीक होते. काही शेगड्यांना जास्त तापमानाचं बटण असतं, ते तीन सेकंद दाबून धरायचं. तरी भाकरी विस्तवावर फुगवता येत नाही, भांडं उचललं की सेन्सर मध्ये येतो.

आम्ही टेबलावर ठेवायची छोटी कॅसेट शेगडी वापरतो, कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते. फक्त तवा लहान हवा. मोठा तवा गॅसच्या डबीवर आला तर डबी तापते, ते धोक्याचं आहे. येताना आठ इंची लोखंडी तवा आणा. कढीपत्ता आणि आंबे मात्र आणू नका, विमानतळावर वनस्पती तपासणीत काढून घेतात.

शेंगाचटणी

आठ इंची लोखंडी तवा मला मंगळवार बाजारात मिळाला होता, अजून वापरते. कडक भाकरी करून डब्यात भरून ने, महिनाभर टिकते. पहिले दिवस निघून जातील. तवा घ्यायला बरोबर जाऊ या का? सातरस्ता, तुम्हीही या.

सातरस्ता

येते. शाळा साडेपाचला सुटते.

जाईजुई

मंगळवारी सहाला, बाजाराच्या तोंडाशी.